पदार्थ पळत नाही, मग महागडा कॅमेरा कशाला? फूड फोटोसाठी पहिला कॅमेरा निवडताना

आजच्या भागात आकडे बरेच आहेत, आणि लोकलमध्ये उभ्याने ऐकताना आकडे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "अं... म्हणजे..." काढून टाकलेत.

विषय असा, की आपल्या एका श्रोत्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला. डोंबिवलीला राहतात, घरून फराळ करून विकतात. चकली, अनारसे, करंज्या, आणि गणपतीत उकडीचे मोदक. फोटो फोनवर काढतात. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "दादा, तीस हजार जमलेत. दुकानदार म्हणतो पंच्याहत्तर हजारांचा मिररलेस घ्या, उरलेल्याचा ईएमआय करून देतो. घेऊ का?"

आधी हिशोब करूया. ७५ मधून ३० गेले, उरले ४५ हजार. १२ महिन्यांत फेडायचे तर महिन्याला ३,७५० रुपये, व्याज वेगळं. समजा एक किलो चकलीमागे सगळा खर्च जाऊन १०० रुपये सुटतात. म्हणजे दर महिन्याला साधारण ३८ किलो चकली फक्त हप्त्यासाठी तळायची. दिवाळीच्या महिन्यात ठीक आहे हो, पण फेब्रुवारीत काय? म्हणून हा प्रश्न मला "कुठला कॅमेरा भारी" एवढा साधा वाटत नाही. कष्टाचे पैसे आहेत, ते कुठे लावायचे हा प्रश्न आहे.

महाग कॅमेऱ्यात पैसे कशाचे जातात?

कॅमेऱ्याच्या जाहिराती आठवून बघा. धावणारा बिबट्या, उडणारा पक्षी, लग्नात नाचणारी वरात. सेकंदाला इतके फोटो, डोळा ओळखून पाठलाग करणारा फोकस, हात हलला तरी सावरून घेणारा सेन्सर. किंमत वाढते ती मुख्यत: या गोष्टींसाठी. थोडक्यात, हलणाऱ्या गोष्टी पकडण्यासाठी.

आता तुमच्यासमोर काय आहे? ताटलीत ठेवलेली करंजी. ती कुठेही जाणार नाही. तुम्ही उठून चहा करून आलात तरी तिथेच असेल. (घरात लहान मुलं नसतील तर.)

आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पदार्थ पळत नाही. एवढं डोक्यात बसलं की अर्धी फीचर यादी आपोआप गळून पडते. पाठलाग करणारा फोकस नको. वेगवान शूटिंग नको. अंधारात कमाल करणारा सेन्सरही नको, कारण कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर १/१५ सेकंद उघडं ठेवलं तरी करंजी हलणार नाही. अंधार जिंकायला दुसऱ्याला एक लाखाची बॉडी लागते, तिथे तुमचं काम दोन हजारांच्या ट्रायपॉडवर होतं. २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागत नाही.

मेगापिक्सेलचंही तसंच. इन्स्टाग्रामची पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेलची धरली, तर ते दीड मेगापिक्सेलसुद्धा होत नाही. ए-फोर आकाराचं मेनूकार्ड चांगल्या दर्जाने, म्हणजे ३०० डीपीआयने छापायचं तर साधारण ८.७ मेगापिक्सेल पुरतात. गेल्या दहा वर्षांतले बरेचसे साधे डीएसएलआर २४ मेगापिक्सेलचे आहेत. म्हणजे या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त द्यायची गरज नाही.

मग फोनच का नको?

चांगला प्रश्न. खरं सांगू? वरून काढलेला ताटाचा फोटो, खिडकीजवळ, दिवसा, फक्त इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी; एवढंच काम असेल तर फोन पुरतो. तीस हजार बँकेत राहू द्या.

फोन अडतो तो साधारण तीन ठिकाणी.

पहिलं, जवळून बाजूने काढलेला फोटो. फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो, साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या बरोबरीचा. पदार्थ मोठा दिसावा म्हणून आपण फोन ताटलीला चिकटवतो, आणि मग पुढची वाटी ढोलासारखी फुगते, मागची बारीक होते, गोल ताटली अंड्यासारखी दिसते. उपाय आहे: मागे सरा आणि २ एक्सवर काढा. पण बऱ्याच स्वस्त फोनमध्ये २ एक्स म्हणजे तोच फोटो कापून मोठा केलेला.

दुसरं, पोर्ट्रेट मोड. मागचं धूसर दिसणं फोन हिशोबाने तयार करतो. माणसाच्या चेहऱ्यावर ते जमतं. पण मिसळीवरची कोथिंबीर, शेवेची टोकं, गरम भाताची वाफ यात त्याचा गोंधळ उडतो. शेवेचं अर्धं टोक धूसर, अर्धं स्पष्ट, असं होतं.

तिसरं, संध्याकाळ. इथे सेन्सरचा आकार आडवा येतो. १/२ इंची म्हणतात तो फोनचा सेन्सर ६.४ बाय ४.८ मिलिमीटरचा असतो. कॅननच्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ दहापटीहून जास्त. महागड्या फोनचे सेन्सर आता मोठे झालेत, पण तरी अंतर राहतंच. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो, म्हणून नंतर फोटो उजळला, रंग सुधारले, तरी तो रवाळ होत नाही.

आणि एक गोष्ट उलट बाजूची. रील बनवायची असेल, म्हणजे ओतणारा हात, उकळणारा रस्सा, तर जुन्या स्वस्त डीएसएलआरपेक्षा तुमचा फोनच सोपा पडेल. रील फोनवर, स्थिर फोटो कॅमेऱ्यावर, अशी वाटणी करून टाका.

लेन्स: बॉक्समधली आधी वापरा

यूट्यूबवर गेलात की पहिला सल्ला येतो: "किट लेन्स फेकून दे, ५० एमएम घे." ५० एमएम एफ १.८ ही चांगलीच लेन्स आहे, मलाही आवडते. पण पदार्थांसाठी जरा हिशोब करूया.

एफ १.८ वर, अर्ध्या मीटरवरून काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा किती जाडीचा? जेमतेम ६-७ मिलिमीटर. म्हणजे मोदकाची पुढची एक कळी स्पष्ट, आणि शेंडा धूसर! गिऱ्हाइकाला मोदक दिसायला हवा, कळी नाही. म्हणून पदार्थांचे फोटो बहुतेक वेळा एफ ४ ते एफ ८ मध्ये काढतात. आणि किट लेन्स, म्हणजे १८-५५, ही ५५ वर एफ ५.६ देतेच. तुम्हाला हवं तेवढंच.

शिवाय किती जवळ जाता येतं ते बघा. लेन्सवर किंवा तिच्या माहितीत "किमान फोकस अंतर" लिहिलेलं असतं. कॅननची १८-५५ एसटीएम २५ सेंटीमीटरपर्यंत जाते. कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम ३५ सेंटीमीटरला थांबते. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या टोकापासून नाही. प्रत्यक्षात काय फरक? किट लेन्सने फोटोच्या रुंदीत आणखी लहान भाग भरता येतो, म्हणजे मोदक चौकटीत जास्त मोठा दिसतो. ५० एमएमने तीच रुंदी साडेदहा सेंटीमीटरच्या आसपास राहते.

मग ५० एमएम का घ्यायची? बाजूने काढलेल्या फोटोत मागचं जास्त मऊ हवं असेल, कॅमेरा हातात धरून काढायचं असेल, तेव्हा ती कामाची. पहिल्या दिवशी नको. सहा महिने किट लेन्स वापरा, मग ठरवा.

निकॉनवाल्यांसाठी एक सावधगिरी. जुन्या बाजारात "५० एमएम एफ १.८ डी" ही लेन्स स्वस्तात मिळते. पण डी३५००, डी५६०० या वर्गातल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे त्या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. नावात "एएफ-एस" आहे का ते बघूनच घ्या.

ताटाचा वरून फोटो: घर मोजा, मग लेन्स निवडा

हे कुणी सांगत नाही, पण वन रूम किचनमध्ये हाच खरा अडथळा आहे. समजा ३० सेंटीमीटरचं ताट आहे आणि आजूबाजूला थोडी मोकळी जागा धरून फोटोच्या लहान बाजूत ४५ सेंटीमीटर मावायला हवेत. तर साध्या डीएसएलआरवर:

- ५० एमएमला कॅमेरा ताटापासून साधारण दीड मीटर वर हवा
- ३५ एमएमला साधारण एक मीटर
- २४ एमएमला साधारण पाऊण मीटर

टेबल पाऊण मीटर उंच असतं. त्यावर ताट ठेवून ५० एमएमने काढायचं तर कॅमेरा जमिनीपासून सव्वादोन मीटरवर! स्टुलावर चढून, पंख्याखाली, हातात कॅमेरा घेऊन हे करू नका, हात जोडतो. त्यापेक्षा ताट सरळ जमिनीवर पाटावर मांडा, बाल्कनीच्या दारापाशी. आपल्याकडे नाहीतरी पंगत जमिनीवरच बसायची. किट लेन्स ३५ वर ठेवा, कॅमेरा कमरेच्या थोडा वर आला की काम झालं.

आता स्क्रीन. कॅमेरा खाली तोंड करून धरला की मागची स्क्रीन आकाशाकडे जाते. वाकून बघता येतं, पण ट्रायपॉडला आडवा दांडा लावून उंच बसवलात तर ती दिसतच नाही. म्हणून स्क्रीन बाहेर वळते का हे मी मेगापिक्सेलच्या आधी बघतो. आणि हो, आडव्या दांड्यावर कॅमेरा बसवलात तर मागच्या बाजूला दोन-तीन किलो तांदळाची पिशवी लटकवा, नाहीतर कॅमेरा थेट आमटीत.

तर मग कुठली मॉडेल बघायची?

वापरलेले, म्हणजे सेकंडहँड कॅमेरे धरून बोलतोय.

कॅनन २००डी. २०१७ चा. स्क्रीन बाहेर वळते, टच आहे, स्क्रीनवर बोट ठेवाल तिथे पटकन फोकस होतो. वाय-फाय आहे. फोनची सवय असलेल्यांना सगळ्यात पटकन जमणारा. माझी पहिली पसंती.

निकॉन डी५३०० किंवा डी५६००. डी५३०० हा २०१३ चा, डी५६०० हा २०१६ चा. दोन्हींची स्क्रीन वळते. स्क्रीनवर बघून फोकस करताना जरा हळू आहेत, पण आपलं वाक्य आठवा, पदार्थ पळत नाही. डी५६०० ला टच आहे, डी५३०० ला नाही.

कॅनन १५००डी. २०१८ चा. सहज मिळतो. स्क्रीन वळत नाही, पण वाय-फाय आहे, त्यामुळे कॅननच्या अ‍ॅपमधून फोनवर दृश्य बघत क्लिक करता येतं. बजेट अगदी कमी असेल तर हा.

निकॉन डी३५००. फोटो उत्तम, पण स्क्रीन स्थिर आणि वाय-फाय नाही, फक्त ब्लूटूथ. फोनवर आपोआप येतात ते २ मेगापिक्सेलचे छोटे फोटो. ओटीजी कार्ड रीडर घेतला की हा प्रश्न सुटतो.

नव्या मिररलेसमध्ये कॅनन आर५०, निकॉन झेड३०, सोनी झेडव्ही-ई१० हे सुरुवातीचे चांगले कॅमेरे आहेत. बजेट आरामात बसत असेल, व्हिडिओही गंभीरपणे करायचा असेल तर जरूर घ्या. पण हप्त्यावर, फक्त फराळाच्या फोटोंसाठी? माझं मत नाही.

जुना घेताना पाच मिनिटांची तपासणी

मुंबईत फोर्टचा बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठी जुना प्रसिद्ध आहे, ऑनलाइनही लोक विकतात. कुठूनही घ्या, पण समोर बसून हे बघा:

- लेन्समधली बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हा खरा शत्रू. लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा, दुसरीकडून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की नमस्कार करून उठा. थोडी धूळ चालते, बुरशी नाही.
- सेन्सरवरचे डाग. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, झूम करून बघा. काळे ठिपके पुसता येतात, पण तेवढा भाव कमी करून घ्या.
- शटर काउंट. निकॉनच्या या वर्गातल्या बॉडी १ लाख क्लिकसाठी तपासलेल्या असतात. ४० हजार झालेले असतील तर घाबरू नका. आठवड्याला ५० फोटो काढलेत तर उरलेले ६० हजार संपायला वीस वर्षांहून जास्त लागतील. लग्नाच्या फोटोग्राफरला हा आकडा भीती घालतो, तुम्हाला नाही.
- स्क्रीनचा सांधा, फ्लॅशचा पॉप-अप, कार्डची खाच, बॅटरी. सगळं एकदा उघडून, फिरवून, चालवून बघा.
- बिल. दुकानातून घेत असाल तर बिल आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळतो का ते बघा. नवा कॅमेरा बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळाला तर भारतातली वॉरंटी आहे का ते आधी विचारा.

घरी आल्यावर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पावसाळ्यात कपाटातली चामड्याची बॅग म्हणजे बुरशीची नर्सरी.

प्रकाश: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मोठा फरक

आता जो भाग लोक पुढे ढकलतात तो. स्वयंपाकघरातली ट्यूब आधी बंद करा. खिडकीचा प्रकाश निळसर-पांढरा, बल्ब पिवळा, ट्यूब कधीकधी हिरवट. तिन्ही एकत्र आले की कॅमेऱ्याला कळतच नाही पांढरं कशाला म्हणायचं, आणि तुमची पुरणपोळी आजारी दिसते. एका वेळी एकच प्रकार.

खिडकी पदार्थाच्या बाजूला किंवा किंचित मागे येऊ द्या. पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात तांबड्या रश्शाची तर्री चमकते, वाफ दिसते, चकलीचे काटे उठून येतात. समोरून फ्लॅश मारला की तीच चकली सपाट होते. थेट ऊन येत असेल तर खिडकीवर पांढरं पातळ सुती कापड किंवा बटर पेपर. आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला एक पांढरा जाड कार्डपेपर उभा करा, सावल्या मऊ होतात. या सगळ्याचा खर्च शंभर-दोनशे रुपये.

मोदकवाल्यांसाठी खास. कॅमेरा प्रत्येक दृश्य मधल्या राखाडीकडे ओढतो, म्हणून पांढरे मोदक पांढऱ्या ताटलीत मळकट दिसतात. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे प्लस-मायनसचं बटण, प्लस ०.७ ते प्लस १ वर न्या. कारळ्याची चटणी असेल तर उलटं, मायनसकडे. हे फोनमध्येही होतं: पदार्थावर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी वर सरकवा. गिऱ्हाइकाला मळकट मोदक शिळा वाटतो. तुम्ही पहाटे चारला उठून केलेला असला तरीही.

तीस हजारांची वाटणी

भाव दर महिन्याला हलतात, म्हणून हे वरचे टप्पे समजा, दरपत्रक नाही. माझ्याकडे तीस हजार असते तर:

- वापरलेली बॉडी आणि किट लेन्स: २२ हजारांपर्यंत
- मजबूत ट्रायपॉड: २ ते अडीच हजार
- कार्ड, ओटीजी रीडर, जास्तीची बॅटरी: २ हजारांपर्यंत
- कार्डपेपर, कापड, हवाबंद डबा, सिलिका जेल: ५०० रुपये
- उरलेले तीन हजार: हातात ठेवा. बेसन, तूप, डबे लागतातच

यात हप्ता नाही. २२ हजारांत २००डी मिळाला नाही तर १५००डी किंवा डी५३०० बघा. फोटो पाहून कुणालाही फरक सांगता येणार नाही.

पण थांबा, आधी दोन आठवडे

कॅमेरा घ्यायच्या आधी एक गृहपाठ. दोन आठवडे फोनवरच काढा, पण ट्यूब बंद, खिडकी बाजूला, कार्डपेपर समोर, मोबाइल कशाला तरी टेकवून, २ एक्सवर. रोज एक पदार्थ. प्रत्येक वेळी वहीत लिहा: आज काय अडलं? "बाजूने वाकडं दिसलं", "संध्याकाळी रवाळ आलं", "कडा खाल्ल्या", असं. दोन आठवड्यांनी यादी बघा. लेन्स आणि सेन्सरची नावं वारंवार आली असतील तर बिनधास्त कॅमेरा घ्या. यादीत "उशीर झाला, अंधार पडला", "ताटली मळकी होती" हेच जास्त असेल, तर ते कुठलाच कॅमेरा दुरुस्त करत नाही. तुमचे पैसे वाचले.

तुमच्या दोन आठवड्यांची यादी मला पाठवा, व्हॉइस मेसेज चालेल. पुढच्या भागात त्यातल्या चार-पाच याद्या घेऊन बोलूया, आणि फोनवर फोटोचे रंग कसे नीट करायचे तेही बघूया. तोवर ट्यूब बंद, खिडकी उघडी. भेटू!